करूळच्या घाटात शंभर टक्के

चार्जरचा लाल दिवा काही केल्या हिरवा होईना. मी प्लग काढून पुन्हा लावला, बटण खाली-वर केलं, शेवटी त्या पांढऱ्या डब्याला एक हलकी चापटही मारून पाहिली. दळण घेऊन आलेल्या चार बायका डबे खाली ठेवून माझी मजा बघत होत्या.

“काका, तुमच्या गिरणीचं अर्थिंग बरोबर नाही वाटतं,” मी म्हणाले.

“आमची गिरणी चालती की त्यावर,” पडवळकाका म्हणाले. “गिरणीला चालतंय आन तुमच्या गाडीला न्हाई?”

“आमची गाडी जरा नाजूक आहे.”

“नवी नवरी हाय म्हणा की!” एक बाई म्हणाली आणि सगळ्या खो खो हसल्या.

मामा मात्र हसले नाहीत. मामा म्हणजे माझे सासरे, आनंदा चौगले. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते आणि त्यातली अकरा वर्षं पडवळकाका त्यांचे कंडक्टर. गिरणीच्या दाराशी हाताची घडी घालून ते माझ्या गाडीकडे बघत होते. नापास होणार हे आधीच ठाऊक असलेल्या पोराचा निकाल ऐकावा, तसा त्यांचा चेहरा होता.

मग काकांनाच युक्ती सुचली. त्यांनी मागच्या अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी आणि दोन मुठी मीठ ओतलं. मी पुन्हा बटण दाबलं. दिवा हिरवा झाला, बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझा जीव भांड्यात पडला.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. तरी तो हिरवा दिवा आठवला की अजून माझ्या उजव्या पायाच्या पोटरीत गोळा येतो.

आम्ही कोल्हापूरहून वैभववाडीला निघालो होतो. आत्तींच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, धाकट्या बहिणीच्या घराची वास्तुशांत होती. संग्रामला, माझ्या नवऱ्याला, कारखान्यात तपासणी होती. तो दुसऱ्या दिवशी एका साहेबांच्या गाडीतून परस्पर येणार होता. तेव्हा गाडी मी न्यायची ठरली. मी, मामा, आत्ती आणि माझी सहा वर्षांची ओवी. वाटेत गगनबावड्याला पडवळकाकांकडे मुक्काम करायचा, गाडीला वीज पाजायची आणि सकाळी घाट उतरून खाली जायचं. गगनबावडा अगदी घाटमाथ्यावर आहे. गाव संपलं की करूळ घाट सुरू होतो.

गाडी घेऊन आठ महिने झाले होते. मी चालवायला शिकले तीच या विजेच्या गाडीवर. माझी शाळा शहरापासून सतरा किलोमीटरवर, दोन एसट्या बदलून जायला लागायचं, म्हणून छत्तिसाव्या वर्षी मी स्टिअरिंग धरलं. गिअर नाही, क्लच नाही. पाय दाबला की पळते, उचलला की आपली आपणच मंदावते. ब्रेकला पाय लावायची वेळ दिवसातून चारदासुद्धा यायची नाही. मला वाटायचं, गाडी चालवणं इतकं सोपं असताना लोक एवढा बाऊ कशाचा करतात!

मामांना ती गाडी पहिल्या दिवसापासून पटली नव्हती. “आवाज न्हाई ती गाडी कसली? तिला काय दुखतंय, काय खुपतंय, कळायचं कसं?” ते म्हणायचे. गाडीला उलट आवाज फार होता असं माझं म्हणणं. ती सारखी टिंग टिंग करायची. पट्टा लावला नाही, टिंग. दार नीट लागलं नाही, टिंग. मागच्या सीटवर तांदळाची पिशवी ठेवली तरी तिला तो माणूस वाटायचा आणि पिशवीने पट्टा लावला नाही म्हणून टिंग. महिनाभरात मी तिचं ऐकणंच सोडून दिलं.

मामांचं एक सांगायला हवं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही अपघात झाला नव्हता. त्याबद्दल त्यांना महामंडळाचा बिल्ला मिळाला होता. दर खंडेनवमीला पाटावर कोयता, पाना, आत्तींची कात्री असं सगळं मांडलं की मधोमध तो बिल्ला ठेवला जायचा. त्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल. आल्यागेल्याला ते तो दाखवायचे आणि प्रत्येकाला तेच वाक्य ऐकवायचे, “एकतीस वर्षं, येक वरखडा न्हाई.”

आणि दुसरा होता तो बाभळीचा ठोकळा. वीतभर रुंद, एका बाजूने उतरता, तेल पिऊन काळा पडलेला. चढावर-उतारावर बस उभी केली की चाकाखाली घालायचा. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी तो त्यांच्याबरोबर असायचा. त्या दिवशीही कोल्हापुरात गाडीत बसताना त्यांनी तो पायाशी ठेवला.

“मामा, या गाडीला कशाला हा?” मी म्हणाले होते.

“ऱ्हाऊ दे. भाकरी मागत न्हाई त्यो.”

रात्री संग्रामचा फोन आला. “ऐंशीच्या वर भरू नकोस,” त्याने पुन्हा बजावलं. कंपनीच्या माणसाने त्याला तसं सांगितलं होतं, बॅटरीच्या आयुष्यासाठी. मी झोपण्याआधी गिरणीत जाऊन पाहिलं. ब्याऐंशी टक्के. भिंतीवरचं बटण बंद केलं, गाडीत खुपसलेली चार्जरची बंदूक तशीच राहू दिली आणि येऊन झोपले.

सकाळी साडेसातला सामान घेऊन बाहेर आले तर सगळीकडे धुकं आणि दव. गाडीच्या टपावरून पाणी निथळत होतं. भिंतीवरचं बटण चालू होतं. आणि गाडीत खुपसलेल्या बंदुकीभोवती, दव आत जाऊ नये म्हणून, कुणी तरी एक मफलर नीट, दोन वेढे देऊन गुंडाळला होता. तपकिरी, एका टोकाला उसवलेला. मामांचा.

पडद्यावर आकडा होता, शंभर.

मला हसू आलं आणि आतून भरूनही आलं. आठ महिने या माणसाने गाडीला बोट लावलं नव्हतं. पहिल्या पाळीची सवय म्हणून ते चारला उठतात, हे मला ठाऊक होतं. टाकी पूर्ण भरल्याशिवाय घाटात गाडी घालायची नाही, हा त्यांचा जुना नेम, तोही मी शंभर वेळा ऐकला होता. म्हाताऱ्याने गुपचूप उठून बटण दाबलं होतं. मी मफलर सोडला, झटकला आणि काही न बोलता त्यांच्या सीटवर ठेवला. त्यांनीही काही न बोलता तो गळ्यात घातला. ऐंशी काय आणि शंभर काय, एका दिवसाने बॅटरी थोडीच मरणार होती?

निघताना आत्तींनी मागच्या सीटवर स्वतःच्या आणि ओवीच्या मध्ये नारळांचं पोतं ठेवलं. टिंग, गाडी म्हणाली. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळं काही तरी लुकलुकलं. “पोत्याला पट्टा पाहिजे हो तिला,” मी म्हणाले आणि निघाले.

पहिला उतार लागला तसा मी सवयीने पाय उचलला.

गाडी मंदावली नाही.

मला आधी वाटलं, आपला पाय नीट सुटला नसेल. खाली पाहिलं. पाय अधांतरी होता आणि गाडी बैलाचा कासरा सुटावा तशी उताराला लागली होती. पस्तीस. अडतीस. त्रेचाळीस. समोर वळण आलं. मी ब्रेक दाबला, गाडी दबली, वळण निघालं. मी काही झालंच नाही असं दाखवत पुढे बघत राहिले. काही तरी माझंच चुकत असेल. मामांसमोर कबूल कोण करणार?

“पळाय लागली गाडी,” मामा म्हणाले.

“उतार आहे ना.”

“गिअरात घे खालच्या.”

“गिअर नाही हो हिला! किती वेळा सांगायचं?”

मी नको तितक्या जोरात बोलले होते. मागून आत्ती म्हणाल्या, “पद्मा, सावकाश गं.” मी ब्रेकवर पाय ठेवला आणि तो काढलाच नाही. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला बुटका कठडा आणि कठड्यापलीकडे धुकं. धुक्यामुळे दरी दिसत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. कठड्यानंतर जगच संपल्यासारखं वाटत होतं. समोरून एक ट्रक चढत आला. मी अंग चोरून कठड्याला घासते की काय इतकी डावीकडे गेले. ट्रक गेला. माझ्या तळव्यांना घाम सुटून स्टिअरिंग निसटायला लागलं.

“मम्मी, कसला वास येतोय?” ओवीने विचारलं.

मलाही येत होता. जळक्या रबरासारखा, नाकात झोंबणारा. मामांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि आत घेतलं. त्यांचा चेहरा बदलला होता.

“ब्रेकचं लायनर जळाय लागलंय,” ते म्हणाले. “किती येळ पाय हाय ब्रेकवर?”

“मघापासून. काढला की गाडी पळते.”

“पायाला ब्रेक कसा लागतोय? वर लागतोय का खाली गेलाय?”

मी दाबून पाहिला. सकाळी बोटभर दाबला की लागणारा ब्रेक आता अर्ध्याहून खाली जात होता, ओल्या चिखलात पाय जावा तसा. मी पूर्ण जोर लावला. गाडी मंदावली, पण थांबली नाही.

“मामा, थांबत नाही.”

हे मी ज्या आवाजात म्हणाले तो माझा आवाज नव्हता. मागे आत्ती जोतिबाचं नाव घ्यायला लागल्या. ओवीला काही कळलं नव्हतं, पण आजी रडते म्हणून तिनेही भोकाड पसरलं. मला तिचं रडणं ऐकू येत होतं आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, मी माझ्या पोरीला मारायला निघाले आहे. स्वतःच्या हाताने.

“घाबरलीस?” मामांनी विचारलं.

“हो.”

“मीबी घाबरलोय. आता ऐक. हँडब्रेक माझ्याकडं. त्याला तू हात लावायचा न्हाई. तू फकस्त रस्ता बग.”

त्यांनी आमच्या दोघांच्या मधला हँडब्रेकचा दांडा धरला. टोकावरचं बटण अंगठ्याने दाबूनच ठेवलं आणि दांडा हळूहळू, तसूतसूने वर घेतला. मागची चाकं कुरकुरली. गाडी किंचित दबली. त्यांनी दांडा पुन्हा सोडला, पुन्हा घेतला. एकदम ओढला असता तर चाकं जाम होऊन गाडी आडवी झाली असती, हे मला कितीतरी नंतर कळलं.

“आता दोन वळणं काढायची,” ते म्हणाले. “पयलं उजवं हाय, मोठं. मग डावं. डाव्याच्या फुडं पाण्याची जागा हाय. झरा. आमी तिथं रेडिएटरात पाणी भरायचो. तिथं रस्ता सपाट हाय आन कडंला जागा हाय. तिथवर न्यायची.”

“आणि ती जागा आता नसली तर?”

 चौदा वर्षांपूर्वीचा रस्ता होता तो. मधल्या काळात तो किती वेळा खणला, किती वेळा रुंद केला, त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी दांडा आणखी तसूभर वर घेतला.

उजवं वळण आलं. “आताच हॉर्न मार. मारत ऱ्हा,” मामा म्हणाले. मी हॉर्नवर तळवा दाबून धरला. “समोर बगू नको, वळणाच्या पोटाकडं बग. आता वळव. वळव. सोडू नको.” गाडी बाहेर, कठड्याकडे सरकत होती. खडी चाकाखाली करकरली. कठड्याचा पांढरा पट्टा आत्तींच्या काचेजवळून गेला आणि त्या किंचाळल्या. मग गाडी सरळ झाली.

“येक झालं,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता, पण दांड्यावरचा हात थरथरताना मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होता. तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती वाटली. आतापर्यंत वाटत होतं, निदान यांना तरी ठाऊक आहे काय होणार ते.

डावं वळण. धुक्यातून पिवळे दिवे वर आले. एसटी. आमच्या हॉर्नने तिचा ड्रायव्हर आधीच डोंगराला चिकटून उभा राहिला होता. मी तिच्या बाजूने गेले. खिडकीतले चेहरे, एका बाईच्या डोक्याचा हिरवा रुमाल, सगळं हाताच्या अंतरावरून गेलं. ब्रेक आता थेट तळाला टेकत होता. मी तरी तो दाबून धरला होता, कारण पाय दुसरीकडे न्यायचा कुठे हेच सुचत नव्हतं.

“आली,” मामा म्हणाले. “डावीकडं. घाल आत.”

जागा होती. अर्धी रस्त्याने खाल्ली होती, पण उरलेल्या अर्ध्या भागात कुणी तरी खडीचा ढीग टाकून ठेवला होता. मी गाडी खडीत घातली. चाकं रुतली, वेग तुटला, आम्ही सगळे पुढे आदळलो. पण ढीग बारीक होता. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी त्याच्या कडेने घसरून पुन्हा पुढे सरकायला लागली, माणूस चालतो त्या चालीने. पुढे दहा-बारा पावलांवर कठडा तुटलेला होता आणि तिथे नुसत्या दोन पांढऱ्या पिंपांना दोरी बांधलेली होती.

दार उघडल्याचा आवाज आला. टिंग टिंग टिंग, गाडी ओरडायला लागली. मामा खाली उतरले होते. बहात्तर वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघे अधू, चालत्या गाडीतून. त्यांनी एका हाताने दाराला धरलं होतं आणि दुसऱ्या हातात ठोकळा होता. ते पडत-झडत दोन पावलं गाडीच्या पुढे गेले आणि चाकासमोर वाकले. मला फक्त त्यांची पाठ दिसली. मी “मामा!” म्हणून ओरडले.

गाडी डाव्या बाजूने जरा वर उचलली गेली, थबकली, मागे आली. आणि उभी राहिली.

 नुसतं टिंग टिंग चालू होतं. मग मामा उठून उभे राहिले. उजव्या हाताची तीन बोटं सोलून रक्त येत होतं. ते माझ्या खिडकीशी आले.

“पाय काढ आता,” ते म्हणाले.

मला काढताच येईना. पाय माझा नव्हताच. त्यांनी दार उघडलं, वाकून माझ्या घोट्याला धरलं आणि तो ब्रेकवरून उचलून बाजूला ठेवला, लहान पोराचा ठेवावा तसा. मी इतकी घाबरले होते की रडूसुद्धा येईना.

हात जरा ताळ्यावर आल्यावर मी गाडीच्या काचेवरच्या नंबरावर कंपनीला फोन लावला. दीड तासाने कणकवलीहून कंपनीचा माणूस मोटारसायकलवरून आला. तरणा पोरगा, शांत. त्याने चाकं पाहिली, मग आत बसून पडदा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

“मॅडम, शंभर टक्के भरून घाट उतरलात?”

“मग? संपायला नको म्हणून.”

“अहो, ही गाडी पाय उचलला की मंदावते ना, ती कशामुळे? उताराची वीज करून ती परत बॅटरीत घालते, म्हणून. तोच हिचा घाटातला ब्रेक. बॅटरी काठोकाठ भरली तर वीज घालणार कुठे? जागाच नाही. मग सगळा भार बिचाऱ्या साध्या ब्रेकवर. ते बघा, सकाळपासून ती सांगतेय,” त्याने पडद्यावरच्या पिवळ्या खुणेवर बोट ठेवलं. “ऐंशीवर निघाला असतात तर काहीसुद्धा झालं नसतं. कुणी केली ही फुल?”

मामा झऱ्याशेजारच्या दगडावर बसले होते. बोटांना रुमाल, गळ्यात तपकिरी मफलर. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि एकदम पाहवेना. गाडी कड्याकडे चालली असताना हा माणूस म्हातारा दिसला नव्हता, तो आता दिसला.

“मीच केली,” मी म्हणाले. “मला ठाऊक नव्हतं.”

मामांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

संग्रामने दुसऱ्या दिवशी माझ्या हातून किल्ली घेतली आणि आपल्या जुडग्यात अडकवली. “ऐंशी म्हणालो होतो ना मी? एवढं साधं ऐकता येत नाही तुला? ओवी होती गाडीत.”  मी पुन्हा दोन एसट्या बदलून शाळेला जायला लागले. नातेवाइकांत गोष्ट झाली, पद्माने गाडी दरीत घातली असती, मामा होते म्हणून वाचले सगळे. जो तो मामांची पाठ थोपटायचा आणि ते उठून आत जायचे.

मी काही देवी नाही. मला वाटलं होतं, दोन दिवसांत म्हातारा बोलेल. नाही बोलला. आठवडा गेला, महिना गेला, पावसाळा गेला. सकाळी सहाच्या थंडीपावसात एसटीची वाट बघताना मला त्यांचा संताप यायचा. घरी आल्यावर ते माझ्याआधी उठून मला पाण्याचा तांब्या भरून द्यायचे आणि नजर चुकवायचे, त्याने आणखीच. पण खरं सांगायचं तर किल्ली गेल्याने सुटल्यासारखंही वाटलं होतं. झोपेत माझा उजवा पाय गादीत रुतायचा आणि मी दचकून उठायचे. ती भीती मी कुणाला सांगितली नाही.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. संग्रामने गाडी धुतली, हार घातला. आत्तींनी पाट मांडला, कोयता, पाना, कात्री ठेवली आणि हाक मारली, “अवो, बिल्ला आणा.”

मामा आतून आले. त्यांच्या हातात बिल्ला नव्हता. ठोकळा होता. त्यांनी तो पाटाच्या मधोमध ठेवला.

“हे काय? बिल्ला कुठाय?”

“त्यो न्हाई पुजायचा हितनं फुडं.”

“का?” संग्राम हसत म्हणाला. “रुसलाय काय?”

“गाडी मी फुल केली हुती,” मामा म्हणाले. “गगनबावड्याला. पहाटं चारला उठून बटण मी दाबलं.”

संग्रामच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. “मग ही म्हणाली ते...”

“तिला तवाच ठावं हुतं. मफलर तिनंच सोडला.” मामांनी पाटावरचा ठोकळा सरळ केला. “एकतीस वर्षं मी कुणाला इजा केली न्हाई. आन त्या दिवशी नातीला धरून चौघांस्नी... आठ म्हैने मी जेवलो, तिच्या हातचं जेवलो, आन तोंड उघडलं न्हाई.”

 मामांनी संग्रामच्या खिशातून जुडगा काढला, गाडीची किल्ली वेगळी केली आणि ठोकळ्यावर ठेवली. उजव्या हाताच्या तीन बोटांवर अजून व्रण होते. स्वतःच हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि मग किल्ली उचलून माझ्यापुढे धरली.

“चल. घाट उतरून येऊ.”

“मला भीती वाटते, मामा.”

“मलाबी. रोज वाटायची. डेपोतनं गाडी बाहेर काढताना रोज.” हे त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नसावं, कारण आत्तींनी झटकन मान वर केली. “तू चालीव. मी बसतो शेजारी.”

मी किल्ली घेतली. माझ्या आधी ते जाऊन पुढच्या सीटवर बसले, ठोकळा पायाशी ठेवला आणि पट्टा लावला. मी बटण दाबलं. टिंग, गाडी म्हणाली.

“थांब,” मामा म्हणाले. खिशातून त्यांनी चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या गाडीच्या पडद्यावर वाकले. बोटाने एकेक अंक चाचपून वाचला.

“ए-का-ह-त्तर,” ते म्हणाले. “बास. जागा हाय तिला.”